पाडकाम थांबले, पुढे काय?

चेन्नईच्या अण्णा सलाईवरील भारत इन्शुरन्स इमारत १८९७ सालची. आयुर्विमा महामंडळाने २००६ मध्ये तिचे पाडकाम सुरू केले. ‘इन्टॅक’ने न्यायालयात धाव घेतली आणि २०१० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिला अभय दिले. तरीही ती पुढे अनेक वर्षे ओसच राहिली. न्यायालय हातोडा रोखू शकते. वास्तूत दिवा लावणे त्याच्या हाती नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०२ सालच्या फ्लॅटआयर्न या कार्यालयीन इमारतीचे सदनिकांत रूपांतर होत आहे. चेन्नईतही हा मार्ग तपासावा. महामंडळ विमेदारांच्या पैशाचे विश्वस्त आहे. जतनाचा सारा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे. म्हणून निवासी वापराची मुभा आणि खर्चातील वाटा शासनाने द्यावा. माणसांचा वावर हीच वारशाची खरी डागडुजी.