मजल आणि मुक्काम

येत्या उन्हाळ्यात सायकलीवरून युरोप हिंडून यावे, असा बेत मनाशी धरून आमच्या सोलापुरातील एक तरुण परवा माझ्याकडे आला, आणि त्याने माझ्यापुढे जो कागद पसरला, त्यावर चाळीस दिवसांत पालथे घालावयाचे नऊ देश त्यांच्या राजधान्यांसह ओळीने लिहिलेले होते. त्याचा उत्साह पाहून मला मनापासून आनंद झाला. परंतु रात्रीचा मुक्काम कोठे, याचा त्या कागदावर कोठेही उल्लेख नव्हता, आणि ज्या जिल्ह्यात नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी ही गावे आषाढातील मुक्कामांमुळेच घरोघरी ठाऊक आहेत, तेथील मुलाच्या हातून हे राहून जावे, याची खंतही वाटली.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यात दूरच्या प्रवासाचे सारे शास्त्र सामावलेले आहे, असे माझे मत आहे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरांची वाट एखादा धडधाकट माणूस आठवड्याभरात चालून जाईल. पालखीला अडीच-तीन आठवडे लागतात, कारण विसावा कोठे, पाणी कोठे, रात्र कोणत्या गावी, हे अगोदर ठरते आणि चाल त्यावरून ठरते. पुण्यासारख्या ठिकाणी तर एकाहून अधिक रात्री मुक्काम असतो, आणि तो वेळ वाया गेला असे कोणी वारकरी म्हणत नाही.

आजच्या काळी तर मुक्कामाचा हा तक्ता नुसता सोयीचा नव्हे, तर सरकारी दृष्ट्याही अपरिहार्य आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांना साडेचार वर्षे घालविता आली. आपल्या तरुणाला शेंगेन राष्ट्रांत १८० दिवसांच्या कोणत्याही कालावधीत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही, आणि व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस काढावयाचे त्याच्याच वकिलातीकडे करावा लागतो. अर्जासोबत निवासाचे दाखले, खर्चाच्या ऐपतीचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. नऊ देशांना चार-चार दिवस वाटून देणाऱ्याने अर्ज कोठे करावा, येथूनच पेच पडतो. उलट तारीखवार मुक्काम मांडलेल्या माणसाचे दप्तर अर्जापूर्वीच निम्मे तयार झालेले असते.

म्हणून मी त्याला देश सोडून नदी धरावयास सांगितले. डॅन्यूब ही सुमारे २,८५० किलोमीटर वाहणारी नदी दहा देशांना स्पर्श करीत काळ्या समुद्रास मिळते, आणि तिच्या काठाने सायकलींसाठी आखलेला मार्ग बहुतांशी सपाट आहे. जर्मनीतील डोनाउएशिंगेनपासून पासाउ, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करीत बुडापेस्टपर्यंतचे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर भरते. दिवसाकाठी ५० किलोमीटर धरले, तर चोवीस दिवस चालीचे होतात, आणि उरलेले सोळा विसाव्याला, पावसाला, सायकलीच्या दुरुस्तीला आणि माणसांशी बोलण्याला मिळतात. देश चारच होतात, आणि निम्मी वाट जर्मनीत असल्यामुळे अर्ज कोणाकडे, हा प्रश्नही सुटतो. पुढे बेलग्रेडकडे जावयाचे झाल्यास मात्र सर्बिया शेंगेनबाहेर आहे आणि तेथून रोमानियात पुन्हा शेंगेनमध्ये शिरावे लागते, हे ध्यानी घेऊन अनेकवेळा प्रवेशाची मुभा देणारा व्हिसाच मागावा. एकाच प्रवेशाच्या परवान्यावर निघालेला मनुष्य सीमेवर अडकून पडेल.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली विशीच्या उंबरठ्यावर असताना १५९ दिवसांत सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा केली, दिवसाला तीनशेपर्यंत किलोमीटर तोडले, असा दाखला त्या तरुणाने दिला. त्या मुलीच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु तिची झुंज काळाशी होती, आणि याला तर युरोप पाहावयाचा आहे.

तयारीला आपला मुलूख उत्तम आहे. अक्कलकोटचा सपाट रस्ता आणि तुळजापूरचा घाट सामान लादून केल्याखेरीज कोणीही विमानाचे तिकीट काढू नये. त्यातही ओळीने चार दिवस चालविणे महत्त्वाचे, कारण देहाची खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी होते. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात, हेही हाडीमाशी भिनावयास हवे.

जर्मनी व ऑस्ट्रिया येथे रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी शिधा भरून ठेवावा लागतो. बाहेरच्या प्रवाशांना युरोपात मांस व दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांत मोडत नाही, आणि दोन्ही कित्येक दिवस टिकतात. सोलापुरी चादर मात्र वजनापायी घरी ठेवावी लागेल, हे ऐकून तो थोडा हिरमुसला.

काल तो नवा कागद घेऊन आला. त्यावर चाळीस ओळी होत्या, प्रत्येकीत एका गावाचे नाव, आणि व्हिएन्नापुढे त्याने तीन रात्री लिहिल्या होत्या.