लाईन आली, मोटार कधी लावायची?

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या भागात रात्री लाईन आली की पंप लावायला बांधीवर जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वाट जंगलाला लागून, हातात टॉर्च, आणि वाघाची भीती खरी. शेतीपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री आठ-दहा तास, अशी आळीपाळीने वीज देण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. पण जिथे अजून रात्रीची पाळी आहे, तिथे आधार ऑटो स्विचचाच.

महावितरण मात्र ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असे सांगत आले आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी लाईन येताच एकदम उठल्या की फ्यूज जातो, कधी डीपीच जळते. मग सगळ्यांचेच पीक वाळते. पण म्हणून माणसाने अंधारात जीव धोक्यात घालावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. वाट टायमरमध्ये आहे.

हल्लीच्या अनेक ऑटो स्टार्टरमध्ये नखाएवढी चिप असते, मायक्रोकंट्रोलर. तिच्यातच मोजणी करणारा एक वेगळा भाग असतो, तो हार्डवेअर टायमर. आपली मुले शिकताना जो अर्डुइनो ऊनो बोर्ड वापरतात, त्याचेच उदाहरण घेऊ. त्यावर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके पडतात. इतके मोजायचे कशाला? म्हणून दर १०२४ ठोक्यांना एकच अंक धरतात. सेकंदाला झाले १५,६२५. त्यातला मोठा टायमर ६५,५३५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे चार सेकंदांतच पान भरते. आम्हा कारकुनांना हे नवे नाही. पान भरले की बेरीज पुढच्या पानावर ओढायची. चिपही तेच करते, आणि पाच मिनिटांचे ४६,८७,५०० अंक बिनचूक भरतात.

ही मोजणी मुख्य प्रोसेसरनेच अंक म्हणत केली असती तर? तर तेवढा वेळ त्याला दुसरे काही सुचले नसते. टायमर वेगळा असल्यामुळे प्रोसेसर मोकळा राहून तिन्ही फेज आल्या की नाही ते पाहतो. एक फेज गेली असताना मोटार चालली तर वायंडिंग जळते, आणि रिवायंडिंगचा खर्च काय येतो ते ज्याचे त्याला ठाऊक. अशा बहुतेक चिपमध्ये वॉचडॉग नावाचा आणखी एक टायमर असतो. प्रोग्राम अडकला आणि ठरल्या वेळेत त्याला हाक गेली नाही, तर तो चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. स्टार्टरच्या ठिणग्यांजवळ असा राखणदार हवाच.

तेव्हा एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकदा बसावे आणि वेळा वाटून घ्याव्यात. एकाची मोटार दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार, तिसऱ्याची सहा. ज्याच्या पेटीत वेळ बदलता येत नाही, त्याने घेताना दुकानदाराला आधी हेच विचारावे. कपॅसिटरही बसवावा, त्याचे काम वेगळे आहे.

आणि मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. लाईन नाही म्हणून मोटार बंद दिसते, पण लाईन आली की ती कोणाला विचारून सुरू होत नाही.