ओल्या बाळंतिणीचे ताट कमी करू नका, बदला

बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की आपल्या वस्तीत ओल्या बाळंतिणीला दोन टोकांचे सल्ले मिळू लागतात. आई आणि सासूबाई म्हणतात, "खा गं, खाल्ल्याशिवाय दूध कसे येणार?" आणि तुपातला लाडू हातावर ठेवतात. जाऊ, शेजारीण, कधी कधी नवराही म्हणतो, "किती सुटलीस!" या दोहोंच्या मध्ये सापडलेली ती पोरगी मग रात्रीची भाकरी बंद करते, कुणीतरी सांगितले म्हणून वजन उतरवण्याच्या पावडरचा डबा हप्त्याने घेते, पोट करकचून बांधते. आठ-दहा दिवसांत तिला चक्कर येऊ लागते, चिडचिड वाढते, बाळाला पाजायला बसायचेही त्राण राहत नाही. बाळ रडते आणि घर ठरवून मोकळे होते की हिला दूध पुरत नाही, दुकानातून डबा आणा.

आमचे मत स्पष्ट आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला वजन कमी करता येते आणि त्याने बाळाचे काही बिघडत नाही. पण ते उपाशी राहून करायचे नसते. ताटातले अन्न कमी न करता ताटात काय आहे ते बदलावे लागते. आणि हे काम त्या एकट्या बाईवर सोडून चालत नाही, ते घराने करायचे आहे.

वजन खरेच जास्त आहे का?

आधी हे तपासा. शेजारणीच्या नजरेने वजन ठरत नाही. किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा आकडा आपल्याकडच्या माणसासाठी 18.5 ते 23 च्या मध्ये असावा. सोपे करून सांगायचे तर पाच फूट उंचीच्या बाईचे वजन साधारण 43 ते 53 किलोमध्ये असेल तर ते ठीक आहे. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात काटा असतो, तिथे मोजून घ्या.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण पाचातल्या एका बाईचे वजन गरजेपेक्षा कमी निघाले आणि तेवढ्याच किंवा थोड्या जास्त बायकांचे जास्त निघाले. निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी होते. म्हणजे एकाच चाळीत एकीला वजन उतरवायचे असते, दुसरीला वाढवायचे असते, आणि रक्त मात्र दोघींचेही कमी असू शकते. जाड दिसणारी बाई धडधाकट असतेच असे नाही. दोघींना एकच सल्ला देणे धोक्याचे आहे.

ज्यांना गरोदरपणात साखर निघाली होती, त्यांच्यासाठी मात्र वजन हा दिसण्याचा प्रश्न नाही. पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका त्यांना जास्त असतो. त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखरेची तपासणी करून घ्यायलाच हवी. अंगावर पाजल्याने आणि वजन हळूहळू आटोक्यात आणल्याने हा धोका कमी होतो. नीट खाऊनही वजन वाढतच असेल, फार थकवा असेल, थंडी सोसत नसेल, पोट साफ होत नसेल, तर थायरॉईडही तपासावे. बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो.

दुधाचा हिशोब

दूध तयार करायला आईच्या शरीराला ताकद खर्च करावी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने आईला रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात आणि पुढचे सहा महिने सुमारे 520. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजायचे माप. गरोदरपणात अंगावर जी चरबी साठते, ती मुळात याच दुधाची बेगमी असते. आई पोटभर पण मोजके खाते, तेव्हा काही ताकद या साठ्यातून घेतली जाते आणि वजन आपोआप हळूहळू उतरते.

मग सगळ्यांचे का उतरत नाही? पाजणाऱ्या बाईला भूक सपाटून लागते, रात्री झोप होत नाही, आणि झोप झाली नाही की भूक आणखी वाढते. समोर येते ते काय, तर गोड चहा, बिस्कीट, लाडू आणि भात.

उपाशी राहिले तर काय होते? दूध लगेच आटत नाही. शरीर आधी बाळाला देते आणि आईच्या अंगातून काढून घेते. रक्त, हाडे आणि ताकद तिची जाते. फारच कमी खाल्ले, अंगात त्राण उरले नाही आणि पाजणे कमी झाले, की मग दूधही कमी होते. बाळ जितके चोखते तितके दूध तयार होते. म्हणून बाटली सुरू केली की चोखणे कमी होते आणि दूध खरोखरच घटते. बाळाच्या पावडरचा डबा महिन्याच्या किराण्याचे पैसे खातो. एका खोलीच्या घरात, दिवसातून तासभर येणाऱ्या पाण्यावर, दर वेळी बाटली उकळून स्वच्छ ठेवणे किती अवघड आहे हे आपल्याला माहीत आहे. बाटली नीट स्वच्छ झाली नाही की बाळाला जुलाब होतात.

दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. दिवसात सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का आणि अंगणवाडीच्या कार्डावर वजनाची रेघ वर जाते का, हे पाहावे. रेघ वर जात असेल तर दूध पुरते आहे.

किती आणि कधी

पहिले दीड-दोन महिने वजनाचा विषयच काढू नये. बाळंतपणात झालेली झीज भरून यायला, गर्भाशय मूळ जागी यायला आणि दूध नीट बसायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो, महिन्याला दोन किलो, ही वरची मर्यादा समजावी. त्याहून कमी वेगाने उतरले तरी उत्तमच. नऊ महिन्यांत चढलेल्या वजनाला उतरायलाही निदान तेवढे महिने द्यावेत. दिवसाचे खाणे 1800 कॅलरीच्या खाली जाऊ देऊ नये.

ताट असे बदला

आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. तोपर्यंत डाळीतला घट्ट भाग, अंडे, मटणाचे तुकडे संपलेले असतात. तिच्या वाट्याला भात आणि पातळ रस्सा येतो. त्याने पोट भरते, पण रक्त आणि मांस तयार होत नाही. तासाभरात पुन्हा भूक लागते आणि पुन्हा चहा-खारी होते. वस्तीतल्या बायकांचे वजन सुबत्तेमुळे वाढते असे समजू नका. बरेचदा ते अशा कमकस ताटामुळे वाढते. म्हणून पहिला बदल असा की बाळंतिणीने सर्वांत आधी किंवा सर्वांबरोबर जेवावे, आणि डाळ-अंड्याचा तिचा वाटा आधी काढून ठेवावा.

त्यासाठी महागाचे काही लागत नाही. दोन वेळा ज्वारी-बाजरीची भाकरी, वाटीभर घट्ट डाळ किंवा मोड आलेली मटकी, शेपू, मेथी, पालक यांपैकी एक पालेभाजी, कांदा-काकडी आणि वर लिंबू पिळलेले. दिवसाला एक-दोन अंडी, नाहीतर सुकट, बोंबील, ताजी मासळी, जे परवडेल ते. भात बंद करायची गरज नाही, तो दोन वाढण्यांऐवजी एक करावा. दूध किंवा ताक, आणि मोसमातले एखादे फळ, पेरू किंवा केळे. रात्री पाजताना भूक लागते तेव्हा बिस्किटांऐवजी फुटाण्यांचा डबा उशाशी ठेवावा. पाणी तहानेप्रमाणे भरपूर प्यावे. बाळंतिणीचे पाणी तोडायची जुनी रीत सोडून द्यावी.

कमी करायचे ते साखर आणि तेल. कपाला दोन चमचे साखर म्हणजे 40 कॅलरी. दिवसाला पाच कप चहा म्हणजे नुसत्या साखरेच्या 200 कॅलरी झाल्या. चमचाभर तेला-तुपाच्या 45. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवाला आमचा विरोध नाही, अळिवात लोह चांगले असते. पण मुठीएवढ्या एका लाडवात दोन चपात्यांएवढी ताकद सहज असते. पहिल्या महिन्यानंतर दिवसाला एक लहान लाडू पुरे. सासूबाईंचे प्रेम एका लाडवातही पोहोचते.

यापासून लांब राहा

वजन उतरवणाऱ्या पावडरी, गोळ्या, इंजेक्शने, पोट साफ करणारे चहा आणि काढे अंगावर पाजणाऱ्या आईने घेऊ नयेत. त्यातले काय दुधातून बाळाकडे जाईल, हे विकणारी बाई सांगू शकत नाही. जुलाब होऊन काट्यावर जे वजन कमी दिसते ते पाण्याचे असते, चरबीचे नसते.

पोट बांधल्याने चरबी वितळत नाही. कमरेला आधार म्हणून सैलसर पट्टा चालेल. करकचून बांधले तर खालच्या अवयवांवर दाब येतो.

उपासही नकोत. पौर्णिमेला किंवा वर्षावासात दुपारनंतर न जेवता उपोसथ पाळणाऱ्या घरांनी पाजणाऱ्या आईला त्याचा आग्रह करू नये. शरीर उपाशी झिजवून काही हाती लागत नाही, हे सिद्धार्थ गौतमाने स्वतः सोसून ओळखले आणि सुजाताची खीर स्वीकारली. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती सुनेच्या ताटालाही लागू आहे.

चालणे, आणि चालायला मोकळा वेळ

डॉक्टरांनी ठीक सांगितले की चालायला सुरुवात करावी. आधी दहा मिनिटे, मग वाढवत आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. सिझर झाले असेल तर सहा आठवड्यांची तपासणी होईपर्यंत व्यायाम नको आणि बाळापेक्षा जड काही उचलणेही नको. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. व्यायामाने दूध नासते हा समज खोटा आहे. बाळाला पाजून निघावे म्हणजे छाती जड वाटत नाही.

"ती दिवसभर राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?" असे घरातली माणसे म्हणतात. वाकून भांडी घासणे आणि पाणी भरणे यांनी कंबर मोडते, पण सलग चालण्याने होतो तो उपयोग त्यांनी होत नाही. तिला रोज अर्धा तास मोकळा मिळायला हवा आणि त्या वेळात बाळ दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवे. ते बाळाच्या बापाचे काम आहे.

1928 साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतीचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात देशाचे हित आहे, असे त्यांनी मांडले. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. आजच्या कायद्यात पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. पण घरकाम करणाऱ्या आपल्या बहुतेक भगिनी त्या कायद्याच्या बाहेर आहेत आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा चार घरची भांडी घासायला जातात. सरकारकडे तो हक्क मागत राहिलेच पाहिजे. पण आपल्या चार भिंतींत त्या बाईला विश्रांती द्यायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

जे हक्काचे आहे ते सोडू नका

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे बाळंतपणानंतर सहा महिने आईला अंगणवाडीतून मोफत आहार मिळायला हवा. तो आहार तिचा आहे, घरभर वाटायचा नाही. बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाची रोज एक गोळी आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमच्या वेळीही घेऊ नये. आशाताई पहिल्या 42 दिवसांत घरी येतात, त्यांना मोकळेपणाने विचारावे. ताप, जास्त रक्तस्राव, धाप, सतत चक्कर, किंवा मन फार उदास होऊन बाळाकडेही बघावेसे न वाटणे, यांपैकी काही असेल तर वजनाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आमची महिला मंडळांना एक विनंती आहे. अंगणवाडीत ज्या दिवशी बाळांची वजने होतात, त्याच दिवशी त्याच काट्यावर आयांचीही करून घ्या आणि बाळाच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुरे. दोन किलोंपेक्षा जास्त उतरले तर तिला विचारा, घरी जेवायला काय मिळते. आणि चढतच असेल तर टोमणा न मारता तिच्या सासूबाईंशी बसून बोला, कारण ताट त्यांच्या हातून वाढले जाते.