दोष शिष्यांचा कीं गुरूंचा?

वर्गांतला एखादा विद्यार्थी नापास झाला तर आपण त्याला दोष देतों. सगळा वर्गच नापास झाला तर शिकविणाराकडे वळून पाहतों. हें साधें तारतम्य शाळेच्या बाबतींत पाळणारा सुशिक्षित गृहस्थ क्रिकेटची गोष्ट निघतांच तें विसरतो, याचें मला फार आश्चर्य वाटतें. गेल्या कांहीं वर्षांत घरच्याच मैदानांवर भारतीय फलंदाजीची जी दैना झाली ती पाहून घरोघरीं तरुण खेळाडूंच्या नांवानें बोटें मोडलीं गेलीं. कोणी म्हणालें, पोरांना पैसा चढला. कोणी म्हणालें, यांच्या अंगीं देशाभिमानच उरला नाहीं. पराभव पाहून राग येणें स्वाभाविक आहे, पण या रागाचा रोख चुकला आहे. जें ज्यांना नीट शिकविलेंच नाहीं, तें त्यांना येत नाहीं म्हणून दूषणें देणें हा न्याय नव्हे.

प्रथम घडलें काय तें पाहूं. २०१२ सालीं इंग्लंडकडून हार खाल्ल्यानंतर भारतानें मायदेशीं लागोपाठ १८ कसोटी मालिका जिंकल्या होत्या. ही परंपरा २०२४ च्या ऑक्टोबरांत न्यूझीलंडनें मोडली, आणि पुढें तिन्ही सामने जिंकून मालिका निखळ आपल्या पदरांत पाडून घेतली. तीन किंवा अधिक सामन्यांच्या मालिकेंत घरच्या मैदानांवर अशी संपूर्ण नामुष्की भारताच्या वांट्यास पूर्वीं कधींहि आली नव्हती. बंगळूरला पहिला डाव ४६ धांवांत आटोपला. तेथें निदान ढगाळ हवेची व वेगवान गोलंदाजांची सबब होती. पण पुण्यास मिचेल सँटनर या फिरकी गोलंदाजानें सामन्यांत १३ बळी घेतले, आणि या सँटनरनें त्यापूर्वीं कसोटीच्या एकाहि डावांत पांच बळी मिळविले नव्हते! मुंबईस वानखेडे मैदानावर जिंकावयास अवघ्या १४७ धांवा हव्या होत्या. मुंबईंतच जन्मलेल्या एजाझ पटेलच्या फिरकीपुढें तो डाव १२१ वर संपला.

बरोबर एका वर्षानें, २०२५ च्या नोव्हेंबरांत, दक्षिण आफ्रिकेचा संघ आला. कलकत्त्यास १२४ धांवांचें लक्ष्य असतां भारताचा डाव ९३ वर गडगडला. कर्णधार शुभमन गिल जायबंदी होता हें खरें, पण उरलेल्यांनाहि तेवढें ओझें उचलवलें नाहीं. गुवाहाटीस तर ४०८ धांवांनीं पराभव झाला. धांवांच्या हिशेबानें भारतानें इतकी मोठी हार त्यापूर्वीं पाहिली नव्हती. दोन्ही सामन्यांत सायमन हार्मरच्या सरळसोट ऑफ-फिरकीनें आमच्या फलंदाजांना नाचविलें. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन यांच्या देशांत परक्या फिरकीपुढें फलंदाजांनीं अशी गाळण उडवून घ्यावी, याहून दैवदुर्विलास तो कोणता?

यावर पहिलें उत्तर ठरलेलें असतें: खेळपट्टीच वाईट होती. कलकत्त्याची खेळपट्टी फलंदाजीस कठीण होती यांत संशय नाहीं. परंतु त्याच खेळपट्टीवर, सामन्याच्या तिसऱ्या डावांत, पाहुण्यांचा कर्णधार टेंबा बवुमा ५५ धांवा करून नाबाद राहिला. संबंध सामन्यांतलें तें एकमेव अर्धशतक. बवुमानें कांहीं जादूटोणा केला नाहीं. चेंडूची वाट पाहिली, तो शरीराजवळ येऊं दिला, हात सैल ठेवले आणि मोह आवरला. १९८७ सालीं बंगळूरच्या त्याहूनहि दुष्ट खेळपट्टीवर सुनील गावसकरानें पाकिस्तानविरुद्ध चौथ्या डावांत ९६ धांवा केल्या. तो सामना भारत १६ धांवांनीं हरला, पण त्या खेळीला कोणी पराभव म्हणत नाहीं. शिवाय कलकत्त्याच्या सामन्यानंतर मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर यांनींच सांगितलें कीं, खेळपट्टी जशी हवी होती तशीच मिळाली. हें तर अधिकच विलक्षण! पोहतां न येणाऱ्या मुलांसाठीं खोल विहीर मागून घ्यावयाची आणि मुलें बुडालीं म्हणजे त्यांच्या हातापायांना नांवें ठेवावयाचीं, हा कोणता शिक्षणक्रम? खेळपट्टी मागणारानें आधीं आपल्या शिष्यांची तयारी पाहावयास नको काय?

दुसरें उत्तर असें कीं, संघ नवा आहे, मुलें लहान आहेत, धीर धरा. धीर धरण्यास माझी हरकत नाहीं. मात्र आपण कशाची वाट पाहत आहोंत तें तरी कळूं द्या. याच मुलांनीं २०२५ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमध्यें जाऊन मालिका २-२ अशी बरोबरींत सोडविली. गिलनें त्या पांच सामन्यांत ७५४ धांवा जमविल्या. एकट्या एजबॅस्टनच्या सामन्यांत २६९ आणि १६१! ज्या मुलाच्या हातून हें घडतें त्याच्या अंगीं गुण नाहीं, चिकाटी नाहीं, देशाभिमान नाहीं, असें कोणत्या तोंडानें म्हणावें? यावरून एकच अनुमान निघतें. चेंडू सरळ व विश्वासानें बॅटवर येतो तेथें हीं मुलें राजे आहेत; तो थांबून येतो, वळतो, उसळतो, तेथें तीं अनाथ होतात. म्हणजे उणीव आहे ती एका नेमक्या विद्येची, आणि विद्येची उणीव भरून काढण्यासाठींच गुरु नेमावयाचा असतो.

ही विद्या कोणती? फिरकीचा चेंडू गोलंदाजाच्या बोटांतून सुटतांनाच ओळखणें; मग त्याच्या टप्प्यापर्यंत पुढें जाणें किंवा पुरतें मागें सरणें, अधलेंमधलें कांहीं नाहीं; बॅट पायाच्या आड न दडवतां पुढें ठेवणें; आणि मूठ इतकी सैल ठेवणें कीं, कड लागलीच तर चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हातांत न जातां त्याच्या पायाशीं मरून पडावा. पूर्वीं पाय पुढें टाकून पॅडवर चेंडू घेण्याची एक पळवाट होती. पंचांचा निर्णय यंत्रानें तपासण्याची सोय झाल्यापासून तीहि बंद झाली. म्हणजे बॅटनें बचाव करण्याची गरज आज बापजाद्यांच्या काळापेक्षां अधिक आहे. आणि नेमका याच काळांत त्याचा अभ्यास कमी झाला. सरावांत पळीसारख्या साधनानें चेंडू भिरकावणारे साहाय्यक असतात. त्यांच्यामुळें वेगाचा सराव उत्तम होतो, पण फिरकी कांहीं पळींतून शिकतां येत नाहीं.

तिसरें उत्तर मोठ्या ऐटींत दिलें जातें: काळ बदलला, बचाव जुना झाला, आतां फटक्यांचें युग आहे. २००८ सालीं इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून १२० चेंडूंच्या डावाला जो भाव आला त्यानें हें तत्त्वज्ञान जन्मास घातलें. हा रोग एकट्या आपल्या देशाचा नव्हे. अमेरिकेंतला बेसबॉल हा क्रिकेटचाच दूरचा भाऊबंद; त्यांत फलंदाजाला तीनदां चेंडू साधला नाहीं म्हणजे तो बाद होतो. तेथें चेंडू फेकणारांचा वेग वाढला हें खरें. परंतु शिकविणारांनींहि असें ठरवून टाकलें कीं, चेंडू उंच उडवून कुंपणापार धाडणें हीच काय ती शिकण्यासारखी विद्या, कारण मोठाले करार तिच्याच जोरावर होतात. परिणाम असा झाला कीं, २०१८ च्या हंगामांत तेथील प्रमुख साखळीच्या इतिहासांत प्रथमच यशस्वी फटक्यांपेक्षां अशा तऱ्हेनें बाद होण्याचीच संख्या अधिक भरली. त्याच देशांत टोनी ग्विन १९८२ पासून २००१ पर्यंत २० हंगाम खेळला. त्याचे यशस्वी फटके ३,१४१, आणि तसें बाद होणें सगळ्या कारकीर्दींत अवघें ४३४ वेळां. तेथील रसिकहि आज तरुण फटकेबाजांवर चिडतात. पण बाजारानें जें मागितलें तेंच गुरूनें शिकविलें, तर शिष्याला वेगळें येणार कोठून?

गुवाहाटीच्या सामन्यांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. भारताच्या पहिल्या डावांत सर्वांत अधिक चेंडू खेळला तो कुलदीप यादव. तो गोलंदाज, धांवा त्यानें केल्या १९, पण चेंडू खेळला १३४! फटके मारण्याबद्दल ज्याला कोणी पैसे देत नाहीं, त्यालाच थांबणें साधलें. धैर्य त्या मैदानावर होतें, तें फक्त चुकीच्या जागीं होतें.

गुरु कशाला म्हणावें? शिष्याला जें येतें त्याची वाहवा करणारे भाट पुष्कळ मिळतात. जें येत नाहीं तें त्याच्याकडून रोज करवून घेतो तो गुरु. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवीत. बाद न होतां टिकेल त्याचा तो रुपया. एका रुपयांत त्यांनीं आपल्या विकेटची किंमत शिकविली. ती कोट्यवधींच्या लिलावांत शिकवितां येत नाहीं. त्यांचाच शिष्य सचिन तेंडुलकर. १९९८ सालीं शेन वॉर्न येणार म्हणून त्यानें लेग-यष्टीबाहेरची खेळपट्टी मुद्दाम खरवडून घेतली, आणि लक्ष्मण शिवरामकृष्णन यांना त्या खडबडीत जागीं चेंडू टाकावयास लावून सराव केला. चेन्नईच्या कसोटींत पहिल्या डावांत वॉर्ननें त्याला ४ वर टिपलें. दुसऱ्यांत तो १५५ वर नाबाद राहिला. कीर्तीच्या शिखरावर असलेला माणूस विद्यार्थी होऊन बसला, म्हणून हें घडलें. २०१३ सालीं निवृत्तीला महिनाहि उरला नसतां तोच माणूस लाहलीस मुंबईसाठीं रणजी सामना खेळला व नाबाद ७९ धांवा करून सामना जिंकून आला. उलट २०२५ च्या जानेवारींत करारबद्ध खेळाडूंवर देशांतर्गत सामने खेळण्याचें बंधन घालावें लागलें, आणि विराट कोहली २०१२ नंतर प्रथमच रणजीच्या मैदानावर दिसला. थोरले वर्गांत बसेनासे झाले कीं धाकट्यांनाहि वर्ग नकोसा होतो.

आणि आम्हां महाराष्ट्रीयांना तर ही परंपरा परकी नाहीं. मुंबईंत १९४८ पासून चालत आलेली कांगा साखळी पावसाळ्यांत, ओल्या खेळपट्टीवर खेळविली जाते. कारण जी खेळपट्टी फसविते तीच शिकविते. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर यांनीं १९४० सालीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, मुंबईविरुद्ध २४६ धांवा केल्या. रोज सकाळीं विद्यार्थ्यांकडून रूपें घोकून घेणाऱ्या माणसाला बचावाचें घोकंपट्टींतलें मोल ठाऊक असावें यांत नवल नाहीं. आज पाठांतराला हंसणें ही शिक्षणांतली एक फॅशन झाली आहे. पण ज्याचा पाया पाठ नाहीं त्याला प्रतिभेचे पंख फुटत नाहींत, हें वर्गांत जितकें खरें तितकेंच मैदानावर.

तेव्हां मागणी करावयाची ती गुरूंकडे व नियामक मंडळाकडे. घरची मालिका सुरू होण्यापूर्वीं पंधरा दिवस फिरणाऱ्या खेळपट्टीवर, रणजींत घाम गाळणाऱ्या फिरकी गोलंदाजांसमोर शिबिर घ्या. १२० चेंडूंच्या खेळांतल्या पराक्रमावर कसोटीची टोपी देऊं नका. प्रशिक्षकाला मालिकेच्या शेवटीं विचारा, 'कोणत्या शिष्यानें तुमच्यापाशीं काय नवें शिकलें?' उत्तर नसेल तर त्यालाहि संघांतून वगळा. नापास झाल्याची शिक्षा फक्त विद्यार्थ्यानेंच कां भोगावी?

एक मागणी मात्र वाचकांपाशींच आहे. २०२४ च्या लिलावांत १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर १ कोटी १० लाखांची बोली लागली. पुढल्याच वर्षीं त्यानें ३५ चेंडूंत शतक ठोकलें. तो मुलगा अलौकिक आहे, त्याचें कौतुकच केलें पाहिजे. पण त्याच्याकडे पाहून आठ वर्षांच्या मुलाला शिकवणीवर्गांत घालणाऱ्या हजारों बापांचीं मुलें अलौकिक नाहींत, आणि अलौकिकाचें अनुकरण करतां करतां त्यांचें साधें शिक्षणहि राहून जातें. असे वर्ग आज गल्लोगल्लीं निघाले आहेत. फी भरभक्कम, आणि महिन्याभरांत मुलगा षटकार मारील असें आश्वासन. पुढल्या खेपेस फी भरतांना तेथील गुरुजींना विचारा कीं, फिरकीचीं सहा षटकें बाद न होतां खेळून काढावयास तुम्ही माझ्या मुलाला कधीं शिकविणार? ते हंसले, तर मुलाचा हात धरून घरीं परत या.