पीळ असावा, ताण नसावा

आफ्रिकी वंशाच्या पुष्कळ अमेरिकन स्त्रियांचे केस निसर्गतःच दाट वेटोळ्यांचे असतात. टाळूचे तेल त्या वेटोळ्यांतून टोकांपर्यंत सहजी पोहोचत नाही; टोके कोरडी पडून तुटतात. म्हणून त्या कृत्रिम केस मिसळून दोन-दोन पेडांचे पीळ घालतात. ६ ते ८ आठवडे विंचरणे टळते, टोके सुरक्षित राहतात. मात्र पीळ मुळाशी करकचून ओढला, तर राखायचे केसच गळू लागतात. घट्ट वेणी घालणाऱ्या आमच्या भगिनींनीही हे ध्यानी घ्यावे.

अशा केशरचनेवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करण्यास कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायद्याने बंदी केली. स्वतःच्या केसांनिशी उजळ माथ्याने वावरण्यासही कायदा लागावा, याची आम्हांस खंत वाटते.