दोन यॉट, एक कुत्रा

निळे-हिरवे पाणी, पांढरे शीड, किनाऱ्यावर झुकलेले माड आणि नाळेशी कान उडवत बसलेला कुत्रा हे चित्र आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. शहरातील नोकरी सोडून यॉट विकत घेणारी, उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटाला सावकाश वळसा घालणारी जोडपी आणि त्यांच्यासोबतचा कुत्रा यांच्या चित्रफिती लोक आवडीने पाहतात, आम्हीही पाहतो. ह्या चित्रात कुत्र्याचे एक काम ठरलेले असते. साऱ्या चैनीला तो निरागस करून टाकतो. मालकाने बेटाकडे पाहिले तर तो प्रवासी ठरतो, त्याच्या पैशाचा आणि पासपोर्टाचा विचार मनात येतो. तेच बेट कुत्र्याने पाहिले की उरते नुसती वाळू, वास आणि खेकडे. बेटावर राहणारी माणसे दृश्यातून केव्हा गळून पडली ते लक्षातही येत नाही.

ह्याच चित्राची साहित्यातील एक जुनी आणि आता बरीचशी विसरली गेलेली आवृत्ती म्हणजे जॅक लंडनची ‘जेरी ऑफ द आयलंड्स’ ही कादंबरी. लंडन नोव्हेंबर १९१६ मध्ये वारला आणि कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाला लंडन ठाऊक आहे तो बर्फातील कुत्र्यांमुळे, म्हणजे ‘कॉल ऑफ द वाइल्ड’ आणि ‘व्हाइट फँग’मुळे. सॉलोमन बेटांच्या दमट किनाऱ्यांवर वावरणारा त्याचा हा आयरिश टेरियर आपल्याकडे फारसा पोहोचलेला नाही. पोहोचला तर प्राणिकथा म्हणून, किशोरवयीन वाचकांच्या कपाटात पोहोचेल अशी आम्हांस भीती वाटते. आमचे म्हणणे असे की ही कादंबरी एम.ए.च्या वर्गात वाचावी, तिच्यातील वर्णद्वेषाला कात्री न लावता वाचावी, आणि मुख्य म्हणजे कुत्र्याच्या नजरेवर भाबडा विश्वास न ठेवता वाचावी.

कादंबरीमागे एक खरी सफर आहे. एप्रिल १९०७ मध्ये लंडन आणि त्याची पत्नी शार्मियन ‘स्नार्क’ नावाच्या स्वतः बांधून घेतलेल्या ५५ फुटी यॉटीतून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून निघाले. सात वर्षांत जगाला प्रदक्षिणा घालायचा बेत होता. हवाई, मार्केझास, ताहिती, सामोआ, फिजी असे करीत १९०८ च्या मध्यास ते सॉलोमन बेटांत आले आणि आजारपणामुळे त्याच वर्षी सफर सोडून द्यावी लागली. सॉलोमनमध्ये असताना हे दोघे पाहुणे म्हणून ‘मिनोटा’ नावाच्या दुसऱ्या एका जहाजावर चढले आणि मलाइता बेटाच्या किनाऱ्याने फिरले. ‘मिनोटा’ मूळची ऑस्ट्रेलियातील यॉट. लांब, निमुळती, बंदरातील शर्यतींसाठी घडवलेली. आता मात्र तिचे काम मजूरभरतीचे होते. मलाइताच्या गावांतून तरुण मुले नारळाच्या मळ्यांवर न्यायची आणि मुदत संपलेली परत आणून सोडायची. तिच्या कठड्याभोवती काटेरी तार होती. आधीच्या कप्तानाला काही महिन्यांपूर्वीच मलाइताच्या लोकांनी ठार केले होते आणि लंडन दांपत्य ज्या खोलीत झोपत असे तिच्या दारावर कुऱ्हाडीचे घाव तसेच होते. मालूच्या किनाऱ्याशी ‘मिनोटा’ खडकांवर चढली, भोवती होड्या जमू लागल्या आणि दुसरे जहाज मदतीला आले तेव्हा सुटका झाली.

ह्या यॉटीवर पेगी नावाची आयरिश टेरियर होती. कादंबरीच्या प्रस्तावनेत लंडन तिच्याविषयी जे सांगतो ते आम्हांस संपूर्ण कादंबरीची किल्ली वाटते. शार्मियनचा पेगीवर इतका जीव जडला की तिने ती कप्तानाकडून चक्क चोरली, आणि आपणही त्या चोरीत सामील झालो, अशी कबुली तो हसतखेळत देतो. पेगी पुढे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ वारली. तिला समुद्रातच मूठमाती मिळाली. हे सांगताना त्याचा गळा दाटून येतो आणि तो खोटा नाही. परंतु ज्या जहाजाचा धंदाच माणसे नेण्या-आणण्याचा होता, त्या जहाजावरील वास्तव्यात लंडनला ‘चोरी’ हा शब्द आठवला तो एका कुत्रीच्या संदर्भात.

इथे थोडे न्यायाने बोलले पाहिजे. मजूरभरती म्हणजे सरसकट पळवापळवी नव्हती. १८६३ ते १९०४ या काळात क्वीन्सलंडच्या उसाच्या मळ्यांसाठी मेलानेशियाच्या बेटांवरून सुमारे ६२,००० माणसे नेली गेली. त्यांतील आरंभीची अनेक फसवून किंवा जबरदस्तीने नेलेली होती. नंतरच्या काळात पुष्कळ तरुण पोलादी हत्यारे, कापड, तंबाखू, बंदूक यांच्या ओढीने आपण होऊन चढत. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली कायदा करून ही आयात थांबवली, तेव्हा १८९३ पासून ब्रिटिश संरक्षणाखाली आलेल्या सॉलोमन बेटांतच मळे उभे राहत होते आणि त्यांना लागणाऱ्या हातांचा मोठा भाग मलाइतातून येत होता. करार असे, मुदत असे, मजुरी असे. करार मोडला तर शिक्षाही असे. मराठी वाचकाला ही रचना अनोळखी नाही. आपण तिला गिरमिट म्हणतो. रत्नागिरीकडील माणसे मॉरिशसला गेली ती ह्याच रचनेतून, आणि ‘स्नार्क’ फिजीत सुव्हा बंदरात नांगरली होती तेव्हा तेथील उसाच्या मळ्यांत गिरमिटिया भारतीय राबत होते.

आता कादंबरी. जेरी इसाबेल बेटावरील मेरिंज मळ्यात जन्मतो. त्याचे आईबाप मळ्यातील काळ्या मजुरांच्या अंगावर धावून जाण्यासाठी तयार केलेले कुत्रे आहेत. मळ्याचा मालक त्याला ‘अरांगी’च्या कप्तानाला, व्हॅन हॉर्नला, देऊन टाकतो. ‘अरांगी’ म्हणजे ‘मिनोटा’च, नाव बदललेली. जेरीच्या जगात गोरी माणसे देव आहेत आणि काळी माणसे त्या खालची कुणीतरी. ‘व्हाइट फँग’मध्येही गोरी माणसे वरच्या दर्जाचे देव होती, तिथे ज्याचा उच्चार ओझरता होता, त्याची इथे पूर्ण उतरंड झाली आहे. एका रात्री जेरी समुद्रात पडतो. कप्तान त्याच्या शोधासाठी जहाज मागे फिरवतो. डेकवर घरी परतणारे मजूर दाटीवाटीने बसलेले आहेत, आणि जहाज फिरते ते कुत्र्यासाठी. प्रसंग अतिशय उत्कट उतरला आहे. वाचताना आपणही जीव मुठीत धरून पाण्यात ते इवलेसे डोके शोधू लागतो, आणि हीच ह्या शैलीची ताकद व तिचा धोका आहे.

१९०७ साली थिओडोर रूझवेल्टने लंडनवर आरोप केला होता की तो प्राण्यांचे खोटे चित्रण करतो. लंडनने १९०८ मध्ये उत्तर दिले, त्याचा आशय असा की माझे कुत्रे विचार करीत नाहीत, कृती करतात, आणि हे मी कथेत वारंवार बजावले आहे. वाद निसर्गज्ञानाचा म्हणून गाजला. परंतु जेरीच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा आहे. कुत्रा विचार करीत नसेल, तर काळ्या-गोऱ्यांची ही उतरंड कुणाची? लेखक म्हणेल, कुत्र्याची. कुत्र्याला ती मळ्याच्या मालकाने शिकवली. मालकाची ती मळ्याच्या अर्थव्यवस्थेतून आली. कादंबरीत मात्र ती पिल्लाच्या रक्तात असल्यासारखी, भुकेइतकी स्वाभाविक होऊन येते. लंडन स्वतःच्या तोंडून हे बोलला असता तर आपण त्याच्याशी भांडलो असतो. पिल्लाशी कोण भांडणार?

वर्गात हा भाग वाचून झाल्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्या गावात देवळाच्या पायरीवर कुत्री झोपायची. आजोबा मात्र लांबून हात जोडायचे.” पुढे तो काही बोलला नाही. त्यानंतर तासाचे स्वरूपच बदलले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याच्या मुळाशी हीच उतरंड होती: जनावरांना चालणारे पाणी माणसांना निषिद्ध. नामदेवांच्या हाती तुपाची वाटी देणारी, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यातही देव पाहणारी आपली कथापरंपरा जितकी खरी, तितकीच ही पायरीही खरी. प्राण्यावरील प्रेम आणि माणसाविषयीची तुच्छता एकाच अंगणात सुखाने नांदू शकतात हे मराठी वाचकाला दलित साहित्याने शिकवले आहे. त्यामुळे ही कादंबरी वाचण्याची आपली तयारी कदाचित अमेरिकन वाचकापेक्षा अधिक असावी.

मग ही कादंबरी टाकून का द्यायची नाही? आमच्यापैकी एकाचे बरेच दिवस तेच मत होते. मत बदलले ते आंधळ्या नालासूमुळे. मलाइताच्या किनाऱ्यावरील सोमो गावात व्हॅन हॉर्न मारला जातो, ‘अरांगी’ लुटली जाते, जेरी गावात अडकतो आणि अखेर ह्या वृद्धाच्या झोपडीत येतो. नालासूचे रानातील लोकांशी जुने वैर आहे. कुणीतरी सूड घ्यायला येईल ह्या धास्तीत तो जगतो आहे. त्याला डोळे हवेत. म्हणून तो जेरीला एक भाषा शिकवतो: कुठून वास येतो आहे, माणूस एक की अनेक, ओळखीचा की परका, हे सांगणारे आवाज आणि खुणा. ही प्रकरणे कादंबरीतील सर्वोत्तम आहेत. संपूर्ण पुस्तकात कुत्र्याशी बरोबरीने बोलणारा, त्याचे ऐकून घेणारा माणूस हा एकच, आणि तो काळा आहे. व्हॅन हॉर्न जेरीवर माया करतो, नालासू त्याला विचारतो. लंडनच्या मतांना हे कुठेच बसत नाही. तरीही त्याच्या हातून ते लिहिले गेले. नंतर गावाला शिक्षा करण्यासाठी युद्धनौका येते, गोळे पडतात आणि नालासू मरतो. लेखकाला पुढे जायची घाई आहे.

पुढे आहे दुसरी यॉट. ‘एरियल’वर हार्ली आणि व्हिला केनन हे हौशी अमेरिकन जोडपे बेटांची सफर करीत आहे, उघडच लंडन आणि शार्मियन यांच्या प्रतिमा. ते जेरीला ठेवून घेतात, व्हिला त्याला आपल्या गाण्यात सूर मिसळायला शिकवते. आरंभी आम्ही सांगितलेले चित्र इथे पूर्ण होते: शीड, माड, जोडपे, कुत्रा. फरक इतकाच की ह्या कुत्र्याने आधीची यॉट पाहिलेली आहे. काटेरी तारेची ‘अरांगी’ आणि गाण्यांची ‘एरियल’ एकाच पाण्यात फिरतात, आणि दोहोंचा साक्षीदार असलेला एकमेव जीव साक्ष देऊ शकत नाही.

वर्गात कुठे थांबावे ह्यावर आमचे अजून एकमत नाही. एकाचे म्हणणे, नालासूच्या मृत्यूपाशी थांबावे. पुढचा भाग गोड करून टाकतो. दुसऱ्याचे म्हणणे, ‘एरियल’पर्यंत गेलेच पाहिजे, गोडवा कसा तयार होतो ते दाखवण्यासाठीच. एका गोष्टीवर मात्र एकमत झाले: ह्या कादंबरीशेजारी मलाइताच्याच माणसाचे लेखन ठेवायचे. फ्रेडरिक ओसिफेलो यांचे ‘कनाका बॉय’ हे आत्मचरित्र १९८५ साली निघाले. जोनाथन फिफीई यांच्या आठवणी १९८९ साली. आमच्या ग्रंथालयात दोन्ही नाहीत. मागणीपत्र दिले आहे. ग्रंथपालांनी विचारले, हे मराठी विभागाला कशाला हवे. तोंडी उत्तर लांबले असते, म्हणून त्यांना ‘जेरी’चीच प्रत वाचायला दिली आहे.