केबल चोरीचा अर्ज नको, गुन्हा नोंदवा

मुदखेडला तहसील कचेरीसमोर बसून मी लोकांचे अर्ज लिहून देतो. फेरफार, निराधारचं अनुदान, रेशनकार्डातलं नाव, हे रोजचं काम. उन्हाळा लागला की चोरीचे अर्ज वाढतात. विहिरीवरची मोटार, स्टार्टर आणि सगळ्यात जास्त केबल. लाइट नसलेल्या रात्री चोर केबल कापतात, बांधावरच वरचं वेष्टण जाळतात आणि आतलं तांबं भंगारात किलोवर विकतात. आमच्याकडे गुलाब आणि काकडा लावणारी माणसं आहेत. ऐन मे महिन्यात झाडाचं पाणी तुटलं तर कळी गळते, आणि गेलेला तोडा परत येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक विधवा शेतकरी बाई आली. ठाण्यात जाऊन आली होती. ठाणं कुठलं ते महत्त्वाचं नाही. माझ्याकडे भोकर, उमरीकडूनही माणसं येतात. तिथे तिला सांगितलं, ‘मावशी, अर्ज देऊन जा, बघू.’ अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घेऊन ती समाधानाने घरी गेली. आपली केस झाली, असं तिला वाटलं. केस झालीच नव्हती. अर्ज फायलीत राहतो, गुन्ह्याला नंबर पडतो आणि तपासाला अंमलदार नेमला जातो. नंबरच नाही तर तपास कशाचा? भंगारवाल्याला तरी कोणत्या कागदावर विचारायचं?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार उत्तर प्रदेशात वेळेत नोंदवली गेली नाही. त्या ललिताकुमारी खटल्यात 12 नोव्हेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं, की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 त्याहून पुढे जातं. हद्द कोणाचीही असो, तक्रार घ्यावी लागते आणि नोंदीची प्रत फुकट द्यावी लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवता येतं, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पण याच नागरिक सुरक्षा संहितेने शेतकऱ्यासाठी एक दार लावून घेतलं, त्याची चर्चा कोणी केली नाही. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी आता अदखलपात्र झाली आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. आता कापून नेलेल्या जुन्या केबलची किंमत कोण ठरवणार? भंगाराच्या भावाने धरली तर ती सहज पाच हजारांच्या आत येते. नवी आणायला गेलं की दुकानदार कितीतरी जास्त पैसे घेतो. म्हणून मी अर्जात केबलची लांबी, खरेदीचं साल आणि नव्या केबलचा दुकानातला भाव लिहितो, बिल असेल तर जोडतो.

ठाण्यातल्या माणसांची अडचण मला दिसते. एका अंमलदाराकडे कितीतरी गावं असतात, त्यात सण, मोर्चे आणि निवडणुकांचा बंदोबस्त. शिवाय गुन्ह्यांचा आकडा वाढला की वर जाब द्यावा लागतो. म्हणजे जो अधिकारी प्रामाणिकपणे प्रत्येक चोरी नोंदवेल त्याचंच ठाणं कागदावर वाईट दिसणार. ही पद्धत वरून आलेली आहे आणि ती वरूनच बदलावी लागेल.

आमच्या मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, देशभरातली पोरं इथे शिकून जातात. देशाच्या सुरक्षेचं मोल आम्हाला कोणी समजावून सांगायला नको, पण सामान्य माणसाची सुरक्षा त्याचं गाऱ्हाणं लिहून घेण्यापासून सुरू होते. निजामाच्या राजवटीत रझाकारांविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती, हे सांगणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. 1948 नंतर आपलं राज्य आलं म्हणजे काय, तर आपलं गाऱ्हाणं कुठेतरी लिहून घेतलं जाणार, एवढीच त्यांची समज होती. ती मला आजही पुरेशी वाटते.

गुन्हा न नोंदण्याची किंमत चोरीपुरती राहत नाही. अपघातात शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून वारसाला दोन लाख मिळतात, पण त्यासाठी ठाण्याचे कागद लागतात. ठाण्यात टाळाटाळ झाली की मदतही अडकते.

माझ्या मागण्या दोनच आहेत. पोलीस अधीक्षकांच्या मासिक बैठकीत प्रत्येक ठाण्याला विचारावं, की चोरीचे अर्ज किती आले आणि त्यातल्या कितींचे गुन्हे झाले. आणि फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने राज्य सरकारने राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करून शेतातली मोटार, स्टार्टर आणि केबल या पाच हजारांच्या अटीतून वगळावी. आमच्या आमदारांनी हा विषय पुढच्या अधिवेशनात मांडावा. निवेदन हवं असेल तर मी लिहून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.